आधी प्रश्न, मग डबा: 'सी' मध्ये डेटा स्ट्रक्चर कसं निवडायचं?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे', 'काय ना' थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय. फंक्शनची नावं मी बोलताना घेतो तशी जोडरेषा देऊन लिहिली आहेत. कोड लिहिताना त्या प्रत्येक रेषेच्या जागी अंडरस्कोर टाका.)

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करू.

आमच्या सातपाटीत तीन नंबरचा बावटा लागला की संध्याकाळी बंदरावर एकच प्रश्न असतो. कोण आलं, कोण यायचंय? ज्यांना सातपाटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पालघर स्टेशनला उतरायचं आणि पश्चिमेला समुद्राकडे यायचं. मासेमारीचं गाव, पापलेटसाठी नावाजलेलं. २०२३ मध्ये सिल्व्हर पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर केलं, तेव्हा आमच्याकडे आपल्याच घरातल्या कुणाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं.

तर, माझे काका बोटींची एक वही ठेवायचे. कोण कधी गेलं, कोण कधी परतलं. मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि 'सी' नुकतं हातात बसलं होतं. मला वाटलं, वहीच्या जागी प्रोग्राम करू. बोटीचा नंबर टाकायचा, स्क्रीनवर उत्तर येणार: 'परतली' किंवा 'समुद्रात'. केला. घरी चालवून बघितला, मस्त चालला.

मग एकदा खरंच बावटा लागला. वारा सुटला होता. शेजारच्या एक मावशी आल्या आणि म्हणाल्या, "बाळा, आमची बोट बघ ना रे तुझ्या मशीनमध्ये." त्यांनी नंबर सांगितला, मी टाकला. स्क्रीनवर आलं: 'समुद्रात'. मावशींचा चेहरा उतरला. काका बाजूलाच बसले होते. त्यांनी वही उघडली, मागून दोन पानं उलटली आणि म्हणाले, "अगं, तुमची बोट दुपारीच खाडीत आली. घरी जा, तो पोचला पण असेल."

झालं काय होतं? घाईत मी नंबरातला एक आकडा चुकीचा दाबला होता. त्या नंबराची बोटच माझ्या यादीत नव्हती. प्रोग्रामने म्हणायला हवं होतं, 'असा नंबर नाही, परत बघा'. तो म्हणाला, 'समुद्रात'.

आजचा भाग त्या चुकीबद्दल आहे. आणि त्या चुकीपर्यंत जाताना आपण एक मोठा प्रश्न सोडवणार आहोत: 'सी' मध्ये काम करताना यादी, अ‍ॅरे, हॅश टेबल, क्यू, ट्री यातलं कधी काय घ्यायचं?

'सी' तुम्हाला काय देतं?

पायथनवाल्यांना लिस्ट आणि डिक्शनरी आयती मिळते. 'सी' च्या स्टँडर्ड लायब्ररीत तसं काही नाही. अ‍ॅरे भाषेतच आहे. सॉर्ट करायला क्यूसॉर्ट आहे, सॉर्ट केलेल्या अ‍ॅरेत शोधायला बीसर्च आहे. लिंक्ड लिस्ट नाही, हॅश टेबल नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' वरून भाषा शिकली, आणि लिंक्ड लिस्ट स्वतःच्या हाताने, स्ट्रक्ट आणि पॉइंटर जोडून लिहिली. शिकायला ते उत्तमच. रोजच्या कामाला मात्र तयार, तपासलेली लायब्ररी बरी.

अशीच एक लायब्ररी म्हणजे जीलिब. चित्रं एडिट करायचं गिम्प माहितीये ना? त्याच्यासाठी जीटीके नावाचं टूलकिट बनलं, आणि त्यातला खिडक्या-बटणांशी संबंध नसलेला भाग वेगळा काढून जीलिब झाली. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. मीही तीच वापरली होती.

जीलिबचं पान उघडलं की समोर येतात: जीलिस्ट, जीएसलिस्ट, जीक्यू, जीअ‍ॅरे, जीपॉइंटरअ‍ॅरे, जीहॅशटेबल, जीट्री. नवीन माणूस काय करतो? 'मला यादी ठेवायची आहे' म्हणतो आणि 'लिस्ट' हे नाव बघून जीलिस्ट उचलतो. मीही तेच केलं.

पहिला डबा: जीलिस्ट

जीलिस्ट म्हणजे दुहेरी लिंक्ड लिस्ट. लहानपणी चिठ्ठ्यांचा खेळ खेळलात का? पहिल्या चिठ्ठीत लिहिलंय 'पुढची चिठ्ठी माठाखाली', माठाखालच्या चिठ्ठीत 'पुढची देवघरात'. लिंक्ड लिस्ट तशीच. प्रत्येक नोंद मेमरीत कुठेतरी पडलेली असते आणि तिच्याजवळ पुढच्या-मागच्या नोंदीचा पत्ता असतो.

याचा फायदा असा की मधली एखादी चिठ्ठी तुमच्या हातातच असेल तर ती काढून टाकणं सोपं. शेजारच्या दोघींवरचे पत्ते बदलले की झालं, बाकी कुणाला हलवायचं नाही. तोटा असा की 'पन्नासावी चिठ्ठी दे' म्हटलं तर पहिल्यापासून एकोणपन्नास घरं फिरावी लागतात.

जीलिस्टमध्ये एक खास फसवणूक आहे. शेवटी नोंद जोडायला जी-लिस्ट-अपेंड असं साधं, गोंडस नाव आहे. पण जीलिस्टला आपलं शेपूट कुठे आहे हे माहीत नसतं. तुमच्याकडे फक्त पहिल्या नोंदीचा पॉइंटर असतो. म्हणून प्रत्येक अपेंडला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जाते. १०,००० नोंदी एकामागून एक अपेंड केल्या तर साधारण ५ कोटी पावलं. १,००,००० केल्या तर ५०० कोटी. नोंदी दहापट, काम शंभरपट. जी-लिस्ट-लेंग्थचंही तसंच, 'किती आहेत?' विचारलं की दर वेळी सगळ्या मोजत बसते. म्हणूनच जीलिबच्या माहितीपानावरचा सल्ला असा आहे की सुरुवातीला जोडत जा, म्हणजे प्रीपेंड करा, आणि शेवटी एकदाच जी-लिस्ट-रिव्हर्स मारा.

आता जागेचं बघू. ६४ बिटच्या मशीनवर जीलिस्टच्या एका कडीत तीन पॉइंटर असतात: डेटा, पुढचा, मागचा. म्हणजे २४ बाइट. लिनक्सवर नेहमीचा मॅलॉक स्वतःचा हिशेब ठेवायला थोडी जागा घेतो, तेव्हा प्रत्यक्षात ३२ बाइट जातात. तुम्ही ठेवताय ४ बाइटचा एक आकडा! अर्ध्या किलो मासळीला चार किलोची पेटी झाली ही.

दुसरा डबा: अ‍ॅरे

जीअ‍ॅरेमध्ये नोंदी एकमेकींना खेटून बसतात. पन्नासावी हवी? थेट मिळते, चालत जायचं काम नाही. किती आहेत? आकडा शेजारीच लिहिलेला असतो.

शिवाय एक गोष्ट पुस्तकात सहसा शेवटी येते, ती मी आधीच सांगतो. प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट आणत नाही. तो एकदम एक घमेलं भरून आणतो, त्याला कॅश लाइन म्हणतात, आणि आजच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ती ६४ बाइटची असते. ४ बाइटचे आकडे अ‍ॅरेत असतील तर एका फेरीत १६ आकडे येतात. लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक नोंद वेगळ्या कोपऱ्यात असेल तर प्रत्येकीसाठी वेगळी फेरी. त्यामुळे कागदावर दोघींचं गणित सारखं दिसतं, 'पहिल्यापासून शेवटपर्यंत जा', पण प्रत्यक्षात अ‍ॅरे पुढे निघून जातो.

अ‍ॅरे भरला की? जीअ‍ॅरे आपोआप मोठी जागा घेतो, साधारण दुप्पट दुप्पट करत. दर वेळी एकेका नोंदीपुरती वाढवत नाही, म्हणून सरासरी खर्च कमी राहतो.

पण इथे एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलोय. समजा तुम्ही अ‍ॅरेतल्या तिसऱ्या बोटीचा पॉइंटर काढून बाजूला ठेवला. नंतर अजून बोटी जोडल्या. अ‍ॅरेला जागा पुरेना, तो सगळं सामान घेऊन दुसऱ्या घरी गेला. तुमच्याकडचा पत्ता जुन्या घराचा! तिथे आता दुसरंच कुणी राहतं, किंवा कुणीच नाही. प्रोग्राम कधी बरोबर चालतो, कधी कोसळतो. चार बोटी टाकून टेस्ट केली तर काहीच कळत नाही, गर्दीच्या दिवशी कळतं.

उपाय दोन. एक तर पॉइंटर साठवू नका, क्रमांक साठवा आणि लागेल तेव्हा विचारा. किंवा जीपॉइंटरअ‍ॅरे घ्या. त्यात अ‍ॅरेमध्ये फक्त पत्ते असतात आणि प्रत्येक बोटीची नोंद मेमरीत आपल्या जागी स्थिर राहते. पत्त्यांची यादी हलली तरी बोट हलत नाही.

अ‍ॅरेतून मधली नोंद काढली की मागच्या सगळ्या एक पाऊल पुढे सरकतात. क्रमाची पर्वा नसेल तर नावाच्या शेवटी 'फास्ट' असलेलं फंक्शन आहे, जी-अ‍ॅरे-रिमूव्ह-इंडेक्स-फास्ट. ते शेवटची नोंद उचलून रिकाम्या जागी बसवतं. काम झटपट, पण क्रम गेला. बोटी गेल्याच्या वेळेनुसार यादी हवी असेल तर हे वापरू नका.

तिसरा डबा: हॅश टेबल

मावशींचा प्रश्न आठवा. 'अमुक नंबरची बोट कुठे आहे?' इथे पन्नासावी कोण याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. नाव सांगायचं, उत्तर मिळायचं. यासाठी जीहॅशटेबल. नंबर दिला की तो त्याचं एका आकड्यात रूपांतर करतो आणि त्या आकड्यावरून थेट खण उघडतो. बोटी ३० असोत की ३०,०००, सरासरी वेळ जवळपास तेवढाच.

आपल्या बोटींचे नंबर आयएनडी-एमएच असे सुरू होतात, म्हणजे सगळ्यांची सुरुवात सारखीच. दोन नंबर अक्षर-अक्षर ताडून बघायचे तर दर वेळी ती सारखी सुरुवात ओलांडून मग फरक सापडतो. हॅश पूर्ण नंबर एकदाच वाचतो आणि थेट खणाकडे जातो. तिथे पोचल्यावर खात्रीसाठी ताडून बघतोच, पण एखाद-दुसऱ्याशी.

आता हॅश टेबलचे दोन खड्डे. हा भाग ऐकताना झोप आली असेल तर जागे व्हा.

पहिला खड्डा: किल्ली कुणाची? मी कीबोर्डवरून नंबर एका बफरमध्ये वाचत होतो आणि तोच बफर किल्ली म्हणून टेबलात देत होतो. हॅश टेबल अक्षरांची नक्कल करत नाही, फक्त पत्ता ठेवतो. म्हणजे कसं, तर वहीत नंबर उतरवून घ्यायच्या ऐवजी मी प्रत्येक ओळीत लिहिलं, 'नंबर पाटीवर बघा'. पाटी एकच, आणि ती दर वेळी पुसून नवा नंबर लिहिला जातोय! शेवटी सगळ्या ओळी एकाच बोटीकडे बोट दाखवतात. उपाय: जी-स्ट्रडप वापरून नक्कल करा, ती टेबलाला द्या, आणि टेबल बनवतानाच सांगा की किल्ली मोडीत काढायची तर जी-फ्री वापर. त्यासाठी जी-हॅश-टेबल-न्यू-फुल आहे.

दुसरा खड्डा: 'शून्य' आणि 'नाही'. हीच माझी त्या संध्याकाळची चूक.

मी प्रत्येक नंबरासमोर एक आकडा ठेवला होता. ० म्हणजे समुद्रात, १ म्हणजे परतली. जीहॅशटेबलमध्ये व्हॅल्यूच्या जागी पॉइंटर जातो, पण जिंट-टू-पॉइंटर नावाचा मॅक्रो वापरून छोटा आकडा त्यात कोंबता येतो. सगळेच करतात. आता ० कोंबला की तो होतो नल पॉइंटर. आणि जी-हॅश-टेबल-लुकअपला किल्ली सापडली नाही तर तो काय परत करतो? नल पॉइंटर!

म्हणजे 'बोट आहे, पण समुद्रात आहे' आणि 'अशी बोटच यादीत नाही' या दोन गोष्टींना माझ्या प्रोग्राममध्ये एकच उत्तर होतं. लायब्ररीची यात काही चूक नाही, हे तिच्या माहितीपानावर स्पष्ट लिहिलंय. मी वाचलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण एक विचार डोक्यात आला. मी उलटं ठरवलं असतं तर? ० म्हणजे 'परतली'? मग चुकीचा नंबर टाकला की स्क्रीन म्हणाली असती, 'परतली'. मावशी निर्धास्त घरी गेल्या असत्या, आणि बोट खरंच बाहेर असती तर? एका संध्याकाळची भीती वाईटच. पण खोटा दिलासा त्याहून वाईट.

दुरुस्तीचे तीन मार्ग आहेत. एक, 'आहे का?' हा प्रश्न वेगळा विचारा, त्यासाठी जी-हॅश-टेबल-कंटेन्स आहे. दोन, जी-हॅश-टेबल-लुकअप-एक्स्टेंडेड वापरा, तो 'सापडली की नाही' आणि 'काय सापडलं' ही दोन उत्तरं वेगळी देतो. तीन, आणि मला हा सगळ्यात पटला: टेबलात आकडा ठेवूच नका, बोटीच्या पूर्ण नोंदीचा पॉइंटर ठेवा. मग नल मिळालं तर त्याचा अर्थ एकच, बोट यादीत नाही. स्थितीचे आकडेही मी १ पासून सुरू केले. शून्याला मुद्दाम काहीच अर्थ दिला नाही.

अजून एक. हॅश टेबल क्रम पाळत नाही. त्यातून सगळ्या बोटी छापल्या तर कशाही क्रमाने येतील, आणि तो क्रम कायम राहील याचीही हमी नाही. 'आधी कोण गेलं?' हा प्रश्न त्याला विचारायचाच नाही.

रांग आणि झाड

बंदरावर आलेल्या बोटींची मासळी उतरवायची आहे, जो आधी आला तो आधी. ही रांग. यासाठी जीक्यू. आतून ती जीलिस्टच आहे, फक्त तिला डोकं, शेपूट आणि लांबी तिन्ही माहीत असतात. म्हणून शेवटी जोडणं आणि पुढून काढणं, दोन्ही एका पावलात. जीलिस्टवर अपेंड करायची सवय असेल तर निदान जीक्यूवर या, तो शेपटापर्यंत चालत जायचा त्रास लगेच संपतो.

दुसरा प्रश्न: 'पहाटे तीन ते पाच मध्ये कोण बाहेर पडलं?' इथे नेमकी किल्ली नाही, एक पट्टा हवाय, आणि तोही क्रमाने. हॅश टेबलला हे जमत नाही. यासाठी जीट्री. ते स्वतःला तोलून धरणारं झाड आहे, एव्हीएल जातीचं. १९६२ मध्ये अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या दोघांनी ही पद्धत मांडली, नावातली अक्षरं त्यांचीच. चांगल्या तोललेल्या झाडात १ लाख नोंदींमधून शोधायला साधारण १७ तुलना लागतात. जीलिबच्या २.६८ आवृत्तीपासून जी-ट्री-लोअर-बाउंड आलं, म्हणजे 'तीन वाजता किंवा त्यानंतरची पहिली नोंद दे' असं थेट विचारता येतं. तिथून पुढे पाच वाजेपर्यंत चालत जा.

पण थांबा. यादी सकाळी एकदाच भरायची आणि दिवसभर फक्त बघायची असेल तर झाड कशाला? अ‍ॅरे भरा, एकदा सॉर्ट करा, मग बायनरी सर्च. जी-अ‍ॅरे-सॉर्ट आहे, आणि २.६२ पासून जी-अ‍ॅरे-बायनरी-सर्चही आहे. दिवसभर सारखी भर पडत असेल आणि दर क्षणी क्रम हवा असेल, तेव्हाच झाड लावा.

काकांच्या वहीत दोन यादी होत्या

दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं, "काका, तुम्ही वही मागून का उघडली?"

ते म्हणाले, "अरे, पुढून मी ओळीने लिहितो, कोण कधी गेला ते. मागे प्रत्येक बोटीला एक ओळ आहे. अमुक बोट कुठे, हे विचारायला कुणी आलं तर मी पुढची सगळी पानं वाचत बसू का?"

मी गप्प. माझ्याकडे पाच प्रकारचे डबे होते आणि मी विचार करत होतो की यातला सगळ्यात चांगला कोणता. काकांकडे एक वही होती, पण त्यांना प्रश्न दोन आहेत हे माहीत होतं. म्हणून त्यांनी यादी दोन ठेवल्या.

मग मी प्रोग्राम पुन्हा लिहिला. बोटीची नोंद एकच. तिचा पत्ता जीपॉइंटरअ‍ॅरेमध्ये, गेल्याच्या क्रमाने. तोच पत्ता जीहॅशटेबलमध्ये, नंबराच्या किल्लीने. दोन दारं, घर एकच. इथे एक नियम पक्का ठरवावा लागतो: नोंद मोडीत काढायचा अधिकार कुणाचा? दोघांनी जी-फ्री केलं तर प्रोग्राम कोसळतो, कुणीच केलं नाही तर मेमरी गळत राहते. मी मालकी अ‍ॅरेला दिली. तो बनवताना जी-पॉइंटर-अ‍ॅरे-न्यू-विथ-फ्री-फंक वापरलं, कोडमध्ये 'पॉइंटर' च्या जागी 'पीटीआर' ही तीन अक्षरं येतात. हॅश टेबलला काहीच मोडायला सांगितलं नाही. आणि किल्ली? नोंदीच्या आत जो नंबर लिहिलाय त्याचाच पत्ता. नोंद आपल्या जागेवरून हलत नाही, म्हणून हे चालतं. साध्या जीअ‍ॅरेमध्ये नोंदी ठेवल्या असत्या तर घर बदलल्यावर या किल्ल्या जुन्या पत्त्यावर राहिल्या असत्या.

मोठ्यांनाही डबे बदलावे लागतात

हे फक्त शिकाऊ लोकांचं नाही. लिनक्स कर्नलचंच बघा. कुठल्या प्रोग्रामला मेमरीचे कोणते पट्टे दिलेत याची नोंद कर्नल वर्षानुवर्षं रेड-ब्लॅक ट्रीमध्ये ठेवत होता, आणि क्रमाने चालायला जोडीला एक लिंक्ड लिस्ट. काकांच्या वहीसारख्याच दोन यादी! २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ६.१ आवृत्तीत या दोन्हींच्या जागी मेपल ट्री आलं. कारण काळ बदलला होता. प्रोसेसरचे कोर वाढले, एकाच वेळी विचारणारे वाढले, आणि एका गाठीत एकच नोंद ठेवण्यापेक्षा खेटून अनेक नोंदी ठेवणं कॅशला परवडू लागलं. जुनं झाड त्याच्या वेळेला बरोबरच होतं. बदलले ते त्याला विचारले जाणारे प्रश्न.

निवडताना हे चार विचारा

स्क्रीनशॉट घ्यायचा असेल तर इथे घ्या.

एक: सगळ्यात जास्त वेळा कोणता प्रश्न विचारला जाणार? सगळ्यांवरून फिरायचं असेल किंवा क्रमांकाने हवं असेल तर अ‍ॅरे. नावाने शोधायचं असेल तर हॅश टेबल. आधी आला तो आधी, तर क्यू. क्रमाने, पट्ट्याने हवं आणि भर पडत राहणार, तर ट्री.

दोन: 'नाही' हे उत्तर कसं दिसतं? ते एखाद्या खऱ्या उत्तरासारखं तर दिसत नाही ना?

तीन: मालक कोण? नोंद कोण मोडणार, किल्ली कोण मोडणार, आणि कुणाकडे जुना पत्ता तर राहिला नाही ना?

चार: नोंदी किती? आमच्या बंदरासारख्या शे-दोनशे नोंदी असतील तर वेगात कुठलाही डबा चालेल, फरक तुम्हाला जाणवणारही नाही. तिथे वेगाच्या मागे लागू नका, पहिले तीन प्रश्न नीट सोडवा. लाखाच्या पुढे गेलात की वेगही मोजा. अंदाजाने नको, घड्याळ लावून मोजा.

आणि काहीच सुचलं नाही तर? अ‍ॅरेपासून सुरू करा. जीलिस्ट तेव्हाच घ्या, जेव्हा हातात असलेली मधलीच कडी सारखी काढायची-घालायची आहे.

घरचा अभ्यास, फोनवरच

लॅपटॉप नाही म्हणून अडू नका. अँड्रॉइडवर टर्मक्स टाका, त्यात क्लँग, जीलिब आणि पीकेजी-कॉन्फिग इन्स्टॉल करा. मग तीन छोटे प्रोग्राम लिहा. पहिल्यात १,००,००० आकडे जी-लिस्ट-अपेंडने जोडा, दुसऱ्यात प्रीपेंड करून शेवटी रिव्हर्स, तिसऱ्यात जीअ‍ॅरे. वेळ मोजायला जी-गेट-मोनोटॉनिक-टाइम आहे, ते मायक्रोसेकंदात उत्तर देतं. पहिला प्रोग्राम चालू करून चहा ठेवायला जा. परत याल तेव्हा आजचा निम्मा भाग आपोआप कळलेला असेल.

माझा तो प्रोग्राम आता चुकीच्या नंबराला सरळ म्हणतो, 'हा नंबर यादीत नाही, परत तपासा'. एक साधी ओळ आहे, पण माझ्या सगळ्या कोडमधली हीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आणि वही? ती अजून चालू आहे. बावटा लागला की दोन्ही उघडतो. काका वही मागून उघडतात, मी लॅपटॉप, आणि दोन्हींचं उत्तर जुळलं की मगच समोरच्या माणसाला सांगतो.

चला, आज इथेच थांबू. तुमच्या कोडमध्ये 'शून्य' आणि 'नाही' कुठे एकत्र राहतायत का, ते आज एकदा बघाच. भेटू पुढच्या भागात!